शेजारच्या प्लॉटला आपली एनओसी लागते?

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खाली दुकानं आणि वर भाड्याची घरं येणार, अशी कुणकुण लागली की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, ‘आपण एनओसीच दिली नाही तर?’ मग सह्या गोळा होतात, निवेदन वॉर्ड ऑफिसात जातं, त्यावर पोच म्हणून शिक्का पडतो आणि काम अडवलं या समाधानात सगळे झोपतात.

अडत काहीच नाही. बांधकाम परवानगी देण्याचं काम १९६६ च्या नगररचना कायद्यानं नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरांत बहुधा महापालिकेकडे दिलं आहे. महापालिका विकास आराखडा आणि नियमावली बघते. नकाशा त्यात बसला, तर शेजाऱ्यांची संमती कुणी मागत नाही. राहणारा मालक आहे की भाडेकरू, हा प्रश्न साध्या निवासी परवानगीत येतच नाही. तळमजल्यावरची दुकानंही पुरेशा रुंद रस्त्यावर बहुतेकदा नियमातच बसतात.

‘म्हणजे लोकांना विचारायचंच नाही?’ विचारतात हो! आराखड्याचा मसुदा आला की याच कायद्याच्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली महिनाभराची मुदत असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बारीक टायपातली नोटीस ती हीच, आणि ती आपण वाचत नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला, त्यावर हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्यानं करायला लावला. वजन पडतं ते तिथं.

नंतर ‘आम्हाला भाडेकरू नकोत’ एवढंच लिहिलेल्या कागदाचं अधिकाऱ्यानं करायचं तरी काय? त्यापेक्षा नेमका नियमभंग दाखवा: अग्निशमनाची गाडी आत वळते का, पार्किंग पुरेसं आहे का, सामासिक अंतर सोडलंय का. मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. महारेराच्या संकेतस्थळावर शोधत बसू नका; रेरा कायदा घरांच्या विक्रीसाठी आहे, निव्वळ भाड्यानं द्यायच्या इमारतीला ती नोंदणी लागत नाही.

बिल्डरांचाही एक लाडका गैरसमज आहे, की नगरसेवकाचं पत्र मिळालं म्हणजे स्थानिकांची मंजुरी मिळाली. त्या पत्रानं नकाशा मंजूर होत नाही आणि लोकही गप्प बसत नाहीत.

ग्रुपवरची आणखी काही ठरलेली वाक्यं बघा. ‘भाडेकरू आले की वस्ती बिघडते.’ गिरगाव-दादरच्या चाळी कुणाच्या होत्या? खाली दुकान, वर भाड्याच्या खोल्या. त्यांच्या आठवणींनी गहिवरणारेच इथं सही करायला पुढे!

‘मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी होतेच.’ २० हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनं अशा इमारतींना जनसुनावणीतून वगळलंय.

‘५१ टक्के संमती हवी.’ ती आपल्याच सोसायटीच्या पुनर्विकासाला, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे.

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही.’ महाराष्ट्रात लागतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची.