जुन्या सायकलचं चाक : खोलण्याआधी

माप : काळ्या, उंच रोडस्टरचा टायर 28 × 1½ इंची, रिमवर तो बसतो तिथला व्यास 635 मिमी. आजच्या 700सी चाकाचा 622. दोन्हींना ‘28 इंची’च म्हणतात, पण टायर एकमेकांना चालत नाहीत.

आरे : जुन्या ब्रिटिश घडणीत पुढे 32, मागे 40. मागच्या चाकावर भार जास्त. नवी रिम घेताना आधी हबची भोकं मोजावीत.

रिम : सळईच्या ब्रेकला वेस्टवुड रिमच हवी. तिच्यावर ब्रेकचे रबर बाजूंना नव्हे, हबकडच्या आतल्या अंगाला टेकतात. क्रोमवरचा वरवरचा गंज ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घासला की निघतो.

हब : स्टर्मी-आर्चरच्या अनेक गियर-हबांवर उत्पादनाचं साल कोरलेलं असतं. हब मूळचाच असेल तर सायकलचं वय कळायला याहून चांगला पुरावा नाही.

आउट काढणं : सायकल उलटी करून चाक फिरवायचं आणि फोर्कला टेकवून खडू रिमजवळ धरायचा. खडू उजवीकडे लागला, तर तिथले हबच्या डाव्या बाजूचे आरे आवळायचे, उजवीकडचे थोडे सैल करायचे. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. गंजलेल्या निपलना आदल्या रात्रीच तेल सोडावं. कोरड्या निपलवर जोर लावला की आराच तुटतो.