अधिकाराविना लाभलेला प्रकाश

श्रद्धेच्या बळावर माणूस काळोखातून प्रकाशाकडे येतो, हे विधान इतक्या वेळा कानांवर पडते की त्यातील आशय तपासून पाहण्याची गरज आता कोणास वाटत नाही. हा काळोख नेमका कशाचा असतो आणि प्रकाश लाभतो म्हणजे काय घडते, हे समजून घ्यावयाचे तर एखाद्या प्रत्यक्ष जीवनाकडेच वळावे लागते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) जीवन या दृष्टीने विलक्षण बोलके आहे. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचा गौरव होतो, धर्मांतराच्या वादात त्यांच्यावर टीका होते. या दोहोंच्या मध्ये त्यांचा आत्मिक प्रवास मात्र काहीसा दुर्लक्षितच राहिला आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थयात्रा करीत. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत खर्ची पडले होते. दागिने आणि भांडीही विकून झाली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. आधी वडील, पाठोपाठ आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण अशी तीन माणसे गेली.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या दुष्काळविषयक ग्रंथात एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. माणसे उपासमारीने मरतात ती नेहमी धान्य नसते म्हणून मरत नाहीत. धान्यावर हक्क सांगता येईल असे त्यांच्याजवळ काही उरलेले नसते, म्हणून मरतात. पुराणिकाची विद्या ही अशीच हक्कदारी होती. सुकाळी तिला दक्षिणा मिळे, दुष्काळात तिला कोणी विचारीना. आणि व्रते, दाने, उपास यांच्या रूपाने देवाजवळ जी पुंजी साठवली, तीही त्या घटकेला कामी आली नाही.

पुढे १८७८ मध्ये कलकत्त्यास रमाबाईंच्या विद्वत्तेचा मोठा सन्मान झाला. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना लाभल्या. परंतु धर्मशास्त्रांचे वाचन वाढले तसतसे त्यांच्या ध्यानी आले की, स्त्री म्हणून वेदाध्ययनाचा आणि त्यायोगे मिळणाऱ्या मोक्षाचा अधिकार आपणास नाही. अन्नावर हक्क नाही हे दुष्काळाने शिकवले. मुक्तीवर हक्क नाही हे ग्रंथांनी. त्यातच १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती निवर्तले. पदरी लहानगी मनोरमा होती. रमाबाईंचा काळोख तो हाच.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी करीत असलेली सेवा त्यांनी पाहिली होती. शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेल्या संभाषणाची कथा वाचून, स्त्रीला उद्धाराचा अधिकार नाकारत नाही असा गुरू आपणास भेटला, असे त्यांना वाटले. सोयीची कथा येथेच संपते. परंतु रमाबाईंनी स्वतः ती येथे संपवलेली नाही. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र गवसला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ मधील आपल्या निवेदनात दिली आहे. धर्म बदलला तरी हिशेबाची वही जुनीच होती. प्रार्थना, नियम, सत्कृत्ये यांची बेरीज पुरेशी झाली म्हणजे आपण पात्र ठरू, ही अपेक्षा सुटली नव्हती. १८९१ च्या सुमारास ती सुटली. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने मजुरी आणि कृपा यांत जो भेद केला आहे, तो त्यांना अनुभवाने उमगला. मजुरी हक्काने मिळते. कृपा हक्क नसतानाही मिळते. आपल्या संतांनाही ही कृपा अपरिचित नव्हती. रमाबाईंना ती ख्रिस्ताच्या ठायी भेटली.

या अनुभवाची कसोटी पुढे लागली. १८९३ मध्ये शारदासदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनाचा त्यांचा मुद्दा अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. तो वाद आजही मिटलेला नाही. परंतु १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आश्रयास आणल्या, हेही तितकेच खरे आहे. या मुलींजवळ मोबदल्यात देण्यासारखे काहीच नव्हते. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्नाबरोबरच शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवण्यात आली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, जी हक्कदारी दुष्काळाने हिरावली, ती त्यांच्या हाती पुन्हा देण्यात आली. जे स्वतःस फुकट मिळाले त्याची साठेबाजी करता येत नाही, एवढे साधे तर्कशास्त्र त्यामागे होते.

या प्रकाशाने रमाबाईंचे दुःख संपले नाही. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः रमाबाई गेल्या. तोवर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या करीतच होत्या.

आज विद्यार्थ्याला गुणांवरून, कारकुनाला बढतीवरून आणि शिक्षकाला निकालांवरून जोखले जाते. स्पर्धेच्या या व्यवस्थेत पात्रतेचा ताळा जमला नाही की माणसाला आपले जगणेच निरर्थक वाटू लागते. आत्मिक काळोखाचे हे अगदी नित्याचे रूप आहे. रमाबाईंचा ख्रिस्त सर्वांनाच स्वीकारता येईल असे नाही, आणि तसा आग्रहही नाही. परंतु माणसाचे मोल त्याच्या पात्रतेच्या हिशेबावर अवलंबून नसते, ही त्यांना गवसलेली गोष्ट कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसालाही विचारात घेण्याजोगी आहे. आणि ती खरोखर पटली आहे की नाही, याचा पडताळा आपल्या दारी येणाऱ्या रिकाम्या हाताच्या माणसाशी आपण कसे वागतो, यावरूनच मिळतो.