मुलींचा शालेय गणवेश : समता आणि सोय

गणवेशाचा मूळ हेतू समता हा होय; परंतु कापडाचा रंग एक केल्याने ती साधतेच असे नाही. २०२४ साली राज्य शासनाने ठरविलेल्या समान गणवेशात पाचवी ते सातवीच्या मुलींस स्कर्ट, तर आठवीस सलवार-कमीज व ओढणी होती. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा भागांत सातपुड्याचे चढउतार पायी तुडविणाऱ्या मुलीस यांतील काय सोयीचे, हा प्रश्न गौणच राहिला. (मुलांच्या वेषात सावरावी लागणारी ओढणी नाही, हेही लक्षणीय.) डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. तेव्हा आई आपल्या मुलीची अडचण तेथे मांडू शकते. तथापि समग्र शिक्षा योजनेचा मोफत गणवेश आठवीपर्यंतच आहे.