पंधरा ऑक्टोबरचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे येणारी १५ ऑक्टोबर ही तारीख गोदावरीच्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ असते. त्या दिवशी पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं याचा हिशेब मांडला जातो. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सुचवलेलं हे सूत्र महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने लागू केलं. त्यानंतर नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा सामना दर तुटीच्या वर्षी रंगतो. हे भांडण शेतकऱ्यांनी उकरून काढलेलं नाही. ते सरकारी टेबलांवर जन्मलं, आणि तिथेच ते समजून घ्यायला हवं.

एखादं धरण कागदावर कसं उभं राहतं? जलसंपदा विभागाचा अभियंता जागा हेरतो, सर्वेक्षण होतं. पाणी किती मिळेल, हे नाशिकचं जलविज्ञान कार्यालय सांगतं. शंभरापैकी पंच्याहत्तर वर्षं हमखास मिळेल ते पाणी, म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा, धरून आकार ठरतो. मोठ्या धरणाचं संकल्पचित्र मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना करते, माती आणि काँक्रीट महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे 'मेरी'त, तपासलं जातं. भूसंपादन महसूल खात्याकडे, वनजमीन आणि पर्यावरण दिल्लीकडे. भूजल तर वेगळ्याच यंत्रणेकडे, जणू विहिरीचं पाणी नदीच्या नात्यातलं नाहीच. मग प्रशासकीय मान्यता, आणि खर्च वाढला की 'सुप्रमा', म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. या प्रवासात प्रत्येक टेबल प्रकल्पाबद्दल विचारतं. खालच्या गावाच्या वाट्याला काय उरेल, हा प्रश्न कुणाच्याच फाइलीत सक्तीचा नव्हता.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातलं दारणा धरण १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. स्वातंत्र्यानंतर गंगापूर, मुळा, पालखेड अशी भर पडत गेली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. खोरं तेच, पण त्यातला प्रत्येक प्रकल्प स्वतःपुरता आखला गेला.

यावरचा उपाय जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात आहे, आणि तो चांगला आहे. खोऱ्यांचे आराखडे एकत्र करून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य जल मंडळाने एकात्मिक राज्य जल आराखड्याचा मसुदा करायचा, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य जल परिषदेने तो मंजूर करायचा, आणि त्याच्याशी सुसंगत प्रकल्पांनाच प्राधिकरणाने परवानगी द्यायची. प्रत्यक्षात परिषदेची पहिली बैठक २०१५ मध्ये झाली! दरम्यान आराखड्याविनाच प्रकल्प मंजूर होत राहिले. पाण्याचे अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांनी २०१४ मध्ये जनहित याचिका दाखल केली, तेव्हा हा विलंब चव्हाट्यावर आला.

यापेक्षा खोल दोष मला दुसरा दिसतो. या कायद्याने 'नदी खोरे अभिकरण' म्हणून मान्यता दिली ती पाटबंधारे विकास महामंडळांनाच. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ १९९८ मध्ये स्थापन झालं ते प्रकल्प बांधण्यासाठी. ज्याचं काम धरणं उभारण्याचं, त्यालाच खोऱ्याचा हिशेबनीस नेमलं. खोऱ्यात आता नवं धरण मावत नाही, हे तो कोणत्या तोंडाने लिहील? खोऱ्याचं नियोजन बांधकामापासून वेगळ्या, स्वतंत्र यंत्रणेकडे गेलंच पाहिजे. आणि तोवर गोदाकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने १५ ऑक्टोबरचा धरणनिहाय हिशेब लेखी मागावा. याच कायद्याच्या कलम १२ (६) (क) मध्ये समन्यायी पाणीवाटपाची तरतूद आहे. वरच्या गावाने आणि खालच्या गावाने ते कलम एकत्र बसून वाचावं.