आधी मांडव, मग महाराष्ट्र
(लेखमाला : चॅनल चालवताना, भाग 7)

2011च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, अहिराणी त्यातच धरून, साधारण 18 लाख 60 हजार लोक भरले. अहिराणी बोलणारे पुष्कळ जण जनगणनेत मराठीच लिहून देतात, म्हणून हा आकडा दुप्पट धरा हवं तर. तरीही सचिन कुमावत यांचं ‘बबल्या इकस केसावर फुगे’ किंवा विनोद कुमावत यांचं ‘हाई झुमकावाली पोर’ यांचे कोट्यवधी व्ह्यूज त्यात बसत नाहीत. ज्यांना अहिराणीतलं ओ की ठो कळत नाही, असे लोक ही गाणी बघतात. पण ते आले सगळ्यात शेवटी, आणि आजचा भाग त्या क्रमाबद्दलच आहे.

मागच्या भागात थंबनेल पाहिलं. थंबनेल माणसाला दारापर्यंत आणतं, पुढे तो किती वेळ बसतो हे महत्त्वाचं. 2012पासून यूट्यूबने नुसत्या क्लिकपेक्षा बघण्याच्या वेळेला जास्त वजन दिलं. पहिल्या बघणाऱ्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा लावला, पाठवला, तर तो त्यांच्यासारख्या आणखी लोकांपुढे ठेवला जातो. म्हणून पहिले हजार जण कोण, यावर सगळं अडतं. सबस्क्रायबर विकत घेणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं : ती खाती व्हिडिओ बघतच नाहीत, आणि तुमचं गाणं कुणालाच आवडत नाही असा यंत्राचा समज होतो.

खान्देशी गाण्याला पहिले हजार जण मांडवातच भेटतात. पारोळ्याकडचं लग्न असो की शिरपूरकडचं, हळदीच्या रात्री डीजेवर नवं गाणं लागतं. पेन ड्राइव्हवरून वाजलेल्या गाण्याचा एकही व्ह्यू मोजला जात नाही. पण टेम्पोजवळ नाचणारी पोरं पंधरा सेकंदांची रील काढतात, नवरदेवाच्या मावसभावाला टॅग करतात, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं वऱ्हाड ते गाणं शोधतं. रीलखालच्या गाण्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याच आवाजावरच्या सगळ्या रील्स उघडतात. तिथून गाणं जिल्ह्याबाहेर पडतं. सुरतेत उधना-लिंबायतला राहणारे खान्देशी लोक त्याला गुजरातेत नेतात. शब्द न कळणाऱ्याला ठेका पुरतो.

याउलट मालेगावच्या शफीक यांचं विनोदी पात्र, ‘छोटू दादा’. नाव खान्देशचं, बोली हिंदी, विनोद बराचसा हातवाऱ्यांचा. त्यांच्या ‘छोटू के गोलगप्पे’ने शंभर कोटी व्ह्यूज ओलांडले. हा दुसरा रस्ता झाला, पण मला तो नव्या माणसासाठी अवघड वाटतो. सगळ्यांसाठी बनवलेल्या व्हिडिओला सगळ्यांशीच स्पर्धा करावी लागते.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतला वाटा हवा तर 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4000 तास बघणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओवर निर्मात्याला 55 टक्के मिळतात, शॉर्ट्सवर 45. म्हणून रील-शॉर्टने ओळख करून द्यायची आणि पूर्ण गाण्यावर कमवायचं, हे गणित इथल्या निर्मात्यांना पाठ आहे. एकाच ॲपवर विसंबणं मात्र महागात पडतं. 29 जून 2020ला टिकटॉकवर बंदी आली, आणि साक्री तालुक्यातल्या जामदे गावच्या दिनेश पवारांसारख्या नावाजलेल्या टिकटॉकवाल्यांचा जमलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला.

कमेंटांना उत्तरं अहिराणीत द्या. “कोठला शेतस भाऊ?” एवढं विचारलं तरी खाली गावांची रांग लागते, आणि तुमचा प्रेक्षक चोपड्यात आहे की सुरतेत, हे फुकटात कळतं.

मग वेळ त्या प्रेक्षकाच्या पंचांगावर धरायची. लग्नाचं गाणं तुळशीच्या लग्नाआधी, आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, चैत्रातच. कानबाईच्या सणाचं गाणं श्रावण लागण्याच्या पंधरा दिवस आधी टाका. सुरत-पुण्याची मंडळी कानबाईच्या रोटांच्या प्रसादासाठी गावी निघतात तेव्हा ते गाडीत वाजायला हवं. कानबाईच्या दिवशीच टाकलं तर बघणार कोण, सगळे नाचण्यात असतात.

(पुढच्या आठवड्यात : लाइव्ह जाताना आवाज का फाटतो)