परळीची राख टाइलमध्ये : ‘किती टक्के?’ नंतर, ‘कुठली राख?’ आधी

परवा गुलमंडीत चहा घेताना पीईटी पास झालेल्या एका ज्युनिअरने विचारलं, “दादा, टाइलमध्ये फ्लाय ॲशचा विषय घेतोय. किती टक्के टाकू?” मी विचारलं, “राख कुठली?” तर म्हणाला, “परळीचीच, एक पोतं आणलंय.” गडबड इथेच सुरू होते.

टाइलच्या मिश्रणात माती आकार धरते, क्वार्ट्झ सांगाडा होतो आणि फेल्डस्पार भट्टीत वितळून छिद्रं बुजवतो. औष्णिक केंद्राच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, म्हणजे कागदावर ती मातीसारखीच दिसते. पण पाणी घालून मळून बघा, चिकटपणा शून्य. म्हणून राख वाढवली की कच्ची टाइल प्रेसमधून काढतानाच तुटते. राख क्वार्ट्झची जागा घेईल, मातीची पूर्ण नाही. त्यात लोह असतं, त्यामुळे रंग तपकिरीकडे जातो. वर ग्लेझ असेल तर चालतं, पांढरी बॉडी हवी असेल तर विसरा.

खरी अडचण न जळलेल्या कार्बनची. तो जळून वायू बाहेर पडायच्या आत पृष्ठभाग वितळून बंद झाला, तर टाइलच्या पोटात काळा थर राहतो, कधी टाइल फुगते. आपण लॅबमध्ये मफल फर्नेस मिनिटाला 5 अंशांनी तापवतो; 1150 अंशांपर्यंत जायलाच पावणेचार तास. कारखान्याच्या रोलर भट्टीत टाइल आत जाऊन बाहेर यायला साधारण तासभर. म्हणजे लॅबमध्ये छान आलेली टाइल तिथे फुगू शकते. पेपरमध्ये हा तापवण्याचा वेग बरेचदा एका ओळीत उरकलेला असतो. मला तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते.

शिवाय राख रोज सारखी नसते. कोळसा बदलला की ती बदलते. तळ्यातली राख वेगळी, इएसपीच्या हॉपरमधली सुकी वेगळी. (जालन्याच्या स्टील कारखान्यांचा स्लॅग घेणाऱ्यांनाही हेच लागू.) एका पोत्यावरचा निष्कर्ष हा त्या पोत्यापुरताच. वेगवेगळ्या दिवशीचे नमुने घ्या आणि प्रत्येकाचा एलओआय, म्हणजे तापवल्यावर किती वजन घटतं, ते मोजा.

टाइल कुठली हेही आधीच ठरवा. आयएस 15622 मध्ये पाणी शोषण्यावरून गट आहेत : अगदी कमी पाणी शोषणारी विट्रिफाइड, 10 टक्क्यांच्या वरची भिंतीची. दोघींना राखेचं प्रमाण एकच कसं असेल?

ज्युनिअरला म्हटलं, आधी पाच नमुन्यांचा एलओआय घेऊन ये, मग टक्क्यांचं बोलू. चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.