नळीतलं रक्त गढूळ का होतं? सिकलसेल तपासणीत उजेडाचं काम

धुळे/जळगाव : सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल, रावेर भागात सिकलसेलची तपासणी अनेकांनी पाहिली असेल. बोटातून थेंबभर रक्त घेतात, नळीतल्या औषधात टाकतात आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. पलीकडच्या रेघा दिसल्या तर बरं. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी लागते.

हे काम उजेडाचं आहे. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिन या प्रथिनामुळे. ते फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि अंगभर पोचवतं. ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो, रंगही काळपट होतो. कोरोनात बोटाला लावायचो तो ऑक्सिमीटर लाल आणि न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाने हाच रंगबदल मोजतो. मात्र सिकलसेल आहे की नाही, हे तो सांगत नाही.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ मण्यांपैकी सहावा मणी बदललेला असतो. एवढंच! पण ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या वळतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. नळीतलं औषध ऑक्सिजन काढून घेतं. चिकटलेले रेणू उजेड विखुरतात, म्हणून नळी गढूळ दिसते.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी लेसरच्या झोताने हिमोग्लोबिनला चिकटलेला वायू झटक्यात सोडवला आणि दोऱ्या वळायला किती वेळ लागतो ते पाहिलं. आधी काही वेळ काहीच होत नाही, मग एकदम दोऱ्या वळतात. हिमोग्लोबिन जरा जरी दाट झालं, तरी हा वेळ खूप कमी होतो. पेशी त्याआधी फुप्फुसात परतली तर वाचली. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं. म्हणून डॉक्टर 'पाणी भरपूर प्या' म्हणतात, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात तर ते टाळूच नये.

गढूळ नळीवरून माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्यामुळे लग्न जमवताना विषयच निघत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची मात्र गढूळ नळीची तपासणी भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तात पोटातलं जुनं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं.